उभ्या गाडीचें पहिलें पाऊल

मोटारीसंबंधानें या सदरांत लिहिण्याचा प्रसंग येईल असें आम्हांस कधींच वाटलें नव्हतें. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्याचा आमचा व्यवसाय. यंत्रांशीं संबंध म्हटला तर शाळेच्या घड्याळापुरता. परंतु गेल्या चैत्रांत एक प्रकार असा घडला कीं, त्या दिवसापासून ‘गाडी ठेवावी कीं विकावी’ हा एकच वाद घरांत चालू झाला, आणि तो तोडण्याचें काम वडीलपणामुळें आमच्या गळ्यांत पडलें.

आमच्या पुतण्यानें नवी मोटार घेतली. इंजिन एक लिटरचें, त्यास टर्बो जोडलेला, आणि गिअर आपोआप बदलणारे. कुलदैवताच्या दर्शनाहून परततांना एका आडरस्त्यावरून आम्हांस पुणें-सातारा महामार्गावर चढावयाचें होतें. उजवीकडून एक मालट्रक येत होता, पण तो पुष्कळ दूर होता. संधि पाहून पुतण्यानें पाय दाबला. गाडी हललीच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल; ती हलली, अर्धी महामार्गावर आली, आणि तेथेंच क्षणभर घोटाळली. मग मागून कोणीं ढकलून दिल्याप्रमाणें एकाएकीं सुटली. ट्रकवाल्यानें ब्रेक लावून कर्णा वाजविला तो अजून आमच्या कानांत आहे. आमच्या वहिनींचें वय सत्तरीपलीकडचें; त्या मागें बसल्या होत्या. वाटेंत त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर मात्र म्हणाल्या, “भावजी, ही गाडी त्याला विकून टाकायला सांगा. मी पुन्हां हिच्यांत पाऊल ठेवायची नाहीं.”

पुतण्याचें म्हणणें निराळें. “काका, गाडींत दोष कांहीं नाहीं. टर्बोला जागं व्हायला वेळ लागतो, एवढंच. डाव्या पायानं ब्रेक धरायचा, उजव्यानं ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि ब्रेक सोडायचा. गाडी बाणासारखी सुटते. मित्र सगळे तसंच करतात.”

मित्र करतात हें प्रमाण आम्ही शाळेंतही मानीत नव्हतों. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचून काढली, आणि ज्याच्या हाताखालून शेंकडों इंजिनें गेलीं अशा एका म्हाताऱ्या मिस्त्रीपाशीं दोन संध्याकाळ बसलों.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांस बसविलेलीं दोन पातेदार चाकें. इंजिनांतून बाहेर पडणारा ऊन धूर एका चाकास फिरवितो; त्याबरोबर दुसरें फिरतें आणि बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, इंधन अधिक म्हणून जोर अधिक. पूर्ण वेगांत हीं चाकें मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतात. परंतु गाडी उभी असतां इंजिन आठशें-नऊशें फेऱ्यांवर घुटमळत असतें. धूर थोडा, त्याचा रेटा त्याहून थोडा. त्या क्षणीं तें इंजिन खरोखरीच एक लिटरचें असतें, आणि त्यास ओढावयाचीं असतात पांच माणसें व प्रसादाच्या पिशव्या. जोर यावा तर धूर हवा, आणि धूर यावा तर आधीं जोर हवा. न्यायशास्त्रांत यासच अन्योन्याश्रय म्हणतात. आम्हां दाक्षिणात्यांस आरंभशूर म्हणून हिणविण्याची जुनी चाल आहे. ही गाडी नेमकी उलट, आरंभभीरु व मध्यशूर!

आतां गिअरांकडे वळूं. पुतण्याच्या गाडींत इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्यें पायानें दाबावयाचा क्लच नसून तेलानें भरलेला एक डबा आहे. त्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यांत समोरासमोर दोन पंखे. इंजिनाकडचा तेल फेंकतो, दुसरा त्याच्या मारानें फिरतो. विजेचे दोन पंखे तोंडासमोर तोंड करून ठेवले व एकच चालू केला तर दुसरा फिरूं लागतो, तसेंच हें. मध्यें एक तिसरें चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवितें, त्यामुळें निघतेवेळीं इंजिनाचा जोर सुमारें दुप्पट होऊन पुढें जातो. गंमत अशी कीं, टर्बोचें पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचें, आणि तेलाच्या डब्याचें जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगरचें. सन मात्र दोहोंचा एकच, १९०५. फ्योटिंगरच्या डोळ्यांपुढें तर आगबोटी होत्या.

मित्रमंडळींची युक्ति या डब्यामुळेंच साधते. ब्रेकनें चाकें धरून ठेवलीं व ॲक्सिलरेटर दिला म्हणजे इंजिन तेलाला घुसळूं लागतें. घुसळण्याचा भार पडला कीं इंधन अधिक जळतें, धूर वाढतो, आणि गाडी जागेवर असतांच टर्बो फिरूं लागतो. अन्योन्याश्रय असा बाहेरून तोडावा लागतो. कित्येक जण गिअर काढून नुसतेंच इंजिन गर्जवितात. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण भारावांचून धुरास रेटा नाहीं. आणि तसें गर्जत असतांना एकदम गिअर टाकणें म्हणजे पेटीचा नाश ओढवून घेणें.

ही विद्या अमेरिकेंत सरळ ४०२ मीटरच्या शर्यतींत मुरलेली आहे. तेथील ब्युइक कंपनीच्या १९८६ व १९८७ सालच्या ग्रँड नॅशनल मोटारींत ३.८ लिटरचें सहा नळकांड्यांचें टर्बो इंजिन असे, आणि गिअरपेटी चार गिअरांची ऑटोमॅटिकच; हातानें गिअर बदलण्याची सोय नव्हती. तिच्या जीएनएक्स नामक प्रकाराच्या १९८७ सालीं अवघ्या ५४७ गाड्या झाल्या. दिव्यांच्या खांबापुढें ब्रेक धरून टर्बोस चढवावयाचें व हिरव्या दिव्याच्या बेतानें सोडावयाचें, हें तिच्या शर्यतबहाद्दरांचें नेहमींचें तंत्र.

परंतु तिकडचा शर्यतीचा पट्टा निराळा आणि आपला आडरस्ता निराळा. आम्ही पडलों शिक्षक. हिशेब मांडल्याखेरीज समाधान होईना. मिनिटास दोन हजार फेऱ्यांवर इंजिन दीडशें न्यूटन-मीटर पीळ देत असेल तर शक्ति झाली सुमारें ३१ किलोवॉट. चाकें तर हलत नाहींत. मग ही शक्ति जाते कोठें? सर्वच्या सर्व उष्णता होऊन तेलांत जाते. डब्यांत तीन किलो तेल धरलें तर दर सेकंदास तें सुमारें पांच अंशांनीं तापेल. दोन-तीन सेकंद हें सोसण्याजोगें आहे. पण मित्रांपुढें ऐट म्हणून वीस सेकंद कोणी तसाच राहिला तर शंभर अंश! तेल फिरून निवतें तें या हिशेबांत नाहीं, हें मान्य, तरी मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, करपलेल्या तेलाचा वास एकदां घ्या, मग कुणाला सांगायला नको.”

पुतण्याचा हट्ट राहूं नये म्हणून एका रविवारीं पहांटे आम्ही गांवाबाहेरच्या ओसाड मैदानावर गेलों. चुन्याच्या दोन रेघा दहा मीटर अंतरावर मारल्या, आणि शाळेच्या क्रीडादिनाचें थांबघड्याळ घेऊन आम्ही कडेस उभे राहिलों. कित्येक नव्या गाड्यांत दोन्ही पाय एकदम दाबले कीं संगणक इंजिनाचा जोरच कापतो. या गाडीनें थोडीशी मुभा दिली. पहिल्या खेपेस त्याच्या डाव्या पायानें संवयीनें क्लचसारखा ब्रेक हाणला. दुसऱ्या खेपेस जोर इतका झाला कीं पुढचीं चाकें जागच्या जागीं फिरलीं, संगणकानें जोर कमी केला, आणि गाडी नेहमींपेक्षांही उशीरां निघाली. पुढें हात, नव्हे पाय, बसल्यावर साधारण अर्धा सेकंद वांचूं लागला. आमचा आंगठा साठी उलटलेला आहे, तेव्हां यांत थोडी अधिकउणी धरावी.

हा अर्धा सेकंद लहान नव्हे. तासाला ७२ किलोमीटरनें येणारा ट्रक तेवढ्यांत दहा मीटर पुढें येतो. परंतु तो वांचविण्यास दोन पायांची कसरत नको, हेंही त्याच मैदानावर कळलें. ब्रेक सोडून गाडी आपसुक रांगूं लागली कीं ॲक्सिलरेटर पाव भाग द्यावा, आणि मग न थांबतां वाढवीत जावें. बहुतेक फायदा त्यांतच मिळतो. गिअर हातानें पहिल्यावर धरण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. ज्यांच्या ऑटोमॅटिक पेटींत तेलाचा डबा नसून दोन क्लच असतात, त्यांनीं तर ब्रेक धरण्याची युक्ति मुळींच करूं नये, क्लच जळतात. त्यांच्यासाठीं कांहीं गाड्यांत कंपनीचीच निराळी योजना असते, ती पुस्तिकेबरहुकूम वापरावी.

खरा उलगडा मात्र मिस्त्रीच्या एका प्रश्नानें झाला. आम्ही सगळी हकीकत सांगितल्यावर तो म्हणाला, “त्या वेळीं इंजिन चालू होतं का?” पुतण्या गप्प झाला. इंधन वांचावें म्हणून गाडी थांबली कीं इंजिन आपोआप बंद होण्याची सोय या गाडींत आहे. आडरस्त्याच्या तोंडाशीं वाट पाहत असतां तें बंद झालें होतें. म्हणजे पाय दाबला तेव्हां आधीं इंजिन सुरू झालें, मग तेल घुसळलें, मग धूर, मग टर्बो. आणि त्या सर्वांचा खोळंबा आम्हीं एकट्या टर्बोच्या माथीं मारला होता. ती सोय बंद करण्याचें बटण समोरच आहे, पण गाडी नव्यानें सुरू केली कीं तें प्रत्येक वेळीं पुन्हां दाबावें लागतें.

गाडी विकली नाहीं. वहिनी दोन महिन्यांनीं पुन्हां बसल्या, त्याही पुढें, पुतण्याच्या शेजारीं. महामार्ग जवळ आला कीं त्या विचारतात, “बटण दाबलंस का रे?” त्यानें दाबलें असलें, तरी दिसणारा ट्रक पुढें निघून जाईपर्यंत त्या त्याला हलूं देत नाहींत.