पाऱ्यावर सोड्याचा उतारा नाही

शरीरात साचलेला पारा खाण्याच्या सोड्याने धुऊन निघतो, असा दावा ‘डिटॉक्स’च्या बाजारात बिनदिक्कत केला जातो. सोडा स्वस्त आणि घरोघरी असल्याने दावा पटतोही चटकन. तो चुकीचा आहे आणि घातकही.

वैद्यकात पारा आणि सोडा यांची गाठ जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे संयुग जंतुनाशक म्हणून सर्रास वापरले जाई. ते पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील विल्यम मॅकनायडर यांनी १९१८ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून या विषबाधेचा आणि मूत्रपिंडांच्या हानीचा अभ्यास मांडला. रक्तातली आम्लता वाढते म्हणून त्या काळी रुग्णांना बायकार्बोनेट, म्हणजेच खाण्याचा सोडाही दिला जाई.

पण आम्लता हा विषाचा परिणाम. विष जागेवरच राहते. पारा प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट चिकटतो आणि बायकार्बोनेट ती पकड सोडवू शकत नाही. ते काम करणारे औषध दुसऱ्या महायुद्धात सापडले. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स आणि सहकाऱ्यांनी ‘बाल’ तयार केले. त्याच्या रेणूतले गंधकाचे दोन अणू धातूला पकडतात. पुढे तोंडावाटे घेता येणारे सक्सिमर आले. हे उपचारही सरसकट नव्हेत: मिथाइल-पाऱ्याच्या बाधेत ‘बाल’ टाळतात, कारण त्याने मेंदूतला पारा वाढू शकतो.

आज पाऱ्याचा धोका चेहऱ्याच्या क्रीममधून घरात शिरतो. केरळमधील कोट्टक्कल येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या विकाराचे २२ रुग्ण नोंदवले गेले. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ हे प्रथिन आढळले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. अकोल्यातल्या एका कुटुंबातील महिलांच्या मूत्रपिंडविकारामागेही पारायुक्त क्रीम असल्याचे समोर आले होते.

मूत्रपिंडे आधीच दुखावलेली असताना सोडा फाकणे म्हणजे त्यांच्यावर सोडियमचा जादा भार. त्यात जाणारा वेळ वेगळाच.

भारतातील २०२० च्या नियमांनुसार सामान्य सौंदर्यप्रसाधनात अनवधानाने आलेला पारा दहा लाखांत एक भागाहून अधिक चालत नाही. हा नियम शहरांतल्या ब्यूटी पार्लरपासून आठवडी बाजारापर्यंत काटेकोरपणे तपासला गेलाच पाहिजे. आणि वाचकांनी, उत्पादकाचे नाव नसलेली क्रीम लावून चेहरा किंवा पाय सुजले, लघवीला फेस आला, तर क्रीम तत्काळ बंद करावी, डबी सोबत घ्यावी आणि थेट डॉक्टर गाठावा.