भास मुलांचे, बहिरेपण शासनाचे

दहा गावे उठवून पनवेल तालुक्यात विमानतळ उभा राहिला. २०२५ साली त्याचे थाटात उद्घाटनही झाले. त्याच तालुक्यातील एखादी चौदा वर्षांची मुलगी ‘कोणीतरी हाका मारते, पण दिसत नाही’ असे म्हणू लागली, तर तिला न्यायचे कोठे, हे मात्र आईबापांना शेजाऱ्यांना विचारावे लागते. शेजारी भगताचे नाव सांगतात. मग सुशिक्षित समाज त्या आईबापांना अडाणी ठरवून मोकळा होतो. हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

भास म्हणजे बाधा नव्हे. आणि प्रत्येक भास म्हणजे वेडही नव्हे. विविध पाहण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१२ च्या एका अभ्यासात ९ ते १२ वर्षांच्या सुमारे १७ टक्के, तर १३ ते १८ वर्षांच्या साडेसात टक्के मुलांत भासासारखे अनुभव आढळले. बहुतेकांत ते कालांतराने ओसरतात. झोप लागताना, तापाच्या ग्लानीत, अपस्मारात, नशेत, धोतऱ्याचे बी पोटात गेल्याने भास होतात. तसेच जिवलगाच्या मृत्यूने, मारहाणीने वा लैंगिक अत्याचारानेही होतात. छिन्नमनस्कता बालवयात क्वचितच आढळते. किशोरवयाच्या उत्तरार्धात तिचा धोका वाढतो. म्हणून आधी कारण शोधावे लागते. मूल झोपेनासे झाले, शाळा व मित्र तुटले, आवाज जिवाचे बरेवाईट करण्यास फर्मावू लागले, तर एक दिवसही दवडता कामा नये. मुलाचे न हसता, न रागावता ऐकणे, पुरेशी झोप, कुटुंबाचे समुपदेशन, शाळेचा आधार आणि गरज असेल तेथेच औषध, असा हा उपचार आहे.

मिरचीची धुरी आणि साखळदंड यांत यातले काय आहे? अत्याचारातून भास जडलेल्या मुलीला भगत झोडपतो, तेव्हा तो भूत काढीत नाही. अत्याचाऱ्याला पाठीशी घालतो. पाच मिनिटांत गोळ्या लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारणारा धंदेवाईक दवाखानाही वेगळे काय करतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा त्याने गुन्हा ठरविला. परंतु भगताचे दार बंद करणाऱ्या शासनाने रुग्णालयाचे दार उघडायला नको काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला, त्यात बालकांसाठीच्या सेवाही अंतर्भूत केल्या. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. हे कलम पनवेलच्या किती वाड्यापाड्यांवर पोहोचले? ते कोणत्या निवडणूक सभेत कोणी उच्चारले?

याच तालुक्यातील तारा गावी डॉ. जी. जी. परीख व त्यांच्या सहकाऱ्यांनी युसुफ मेहेरअली केंद्रामार्फत ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्या परंपरेचे नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी केवळ अंधश्रद्धेवर व्याख्याने देऊन भागणार नाही. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात बालमनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतो, औषधे किती मिळतात, याचा जाब त्यांनी लेखी मागावा. आश्रमशाळांतील शिक्षक व आशा सेविकांच्या प्रशिक्षणासाठी आग्रह धरावा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवावा, परंतु दूरध्वनी म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही शासनाला ठणकावून सांगावे.

मुलीला ऐकू येणारा आवाज भास असेल. तिचे दुःख भास नाही. ते ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानावर घालणे हेच चळवळीचे काम आहे.