निवाऱ्यात देवीला जागा हवी

शहरात दर लाख लोकांमागे बेघरांसाठी चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा, हा निकष आता जुना झाला. थंडीत माणसे रस्त्यावर मरत होती, म्हणून 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लावून धरला. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी पैसाही मिळू लागला. किमान पन्नास माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा, एक व्यवस्थापक आणि पाळीपाळीने काळजीवाहक. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे बाभुळगाव या लाखाच्या हिशेबात बसत नाही. इथल्या बसस्थानकावर कोणी थंडीत कुडकुडत निजला, तर त्याला मोठ्या शहराचीच वाट धरावी लागते.

विदर्भातल्या अशाच एका निवाऱ्यात मी काळजीवाहक होते. बहुतेक रात्रपाळीच असायची. संध्याकाळी बाभुळगावहून एसटीने जायचे, सकाळी परत यायचे. तिथे जे पाहिले त्यावरून मला एकच गोष्ट मागायची आहे. पारधी, कोलाम, गोंड, भटक्या समाजांची माणसे जिथे आसऱ्याला येतात, तिथे त्यांच्याच समाजाचे एक माणूस पगारावर असले पाहिजे. आदिवासी दिनाला नाचायला बोलावतात तसे एका दिवसापुरते बोलावलेले नको. हजेरीपटावर नाव असलेले, किल्ल्यांचा जुडगा हाती असलेले हवे.

का, ते सांगते. पौषाच्या थंडीत एक फासेपारधी मावशी आमच्याकडे आली. खोकला इतका की बोलता बोलता थांबावे लागे. सामान म्हणजे एक गोधडी आणि कापडात बांधलेले देवीचे गाठोडे. निवाऱ्याचा नियम असा की सगळ्यांचे सामान कोठीत ठेवायचे. कोठीत फिनेलचे डबे, खराटे, चपला. गाठोडेही तिथेच गेले. मावशी पहाटे उठून कोठीच्या दाराशी बसायची. एका सकाळी ती मला म्हणाली, “बाई, माह्या देवीले तुमी खेटरापाशी ठेवलं. आता मले इथं झोप कशी लागन?” त्याच दिवशी ती निघून गेली. रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘स्वेच्छेने गेली’. ती कुठे गेली हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. बसस्थानकावर, फलाटाच्या कडेला.

तिला परत आणले ते बेड्यावरच्या एका म्हाताऱ्या पारधी बाईने. (आमच्या भागात पारध्यांच्या वस्तीला बेडाच म्हणतात.) ती निवाऱ्यात आली, भिंती पाहिल्या आणि मावशीच्या पलंगाच्या उशाकडे, डोक्याच्या वर, एक फळी ठोकून मागितली. पुढे एक पडदा. देवीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, फरशी पुसणाऱ्या बाईनेही नाही, एवढेच तिचे सांगणे. फळी, दोन खिळपट्ट्या, जुन्या लुगड्याचा तुकडा. त्या रात्री मावशी निजली. आठवडाभरात ती माझ्यासोबत सरकारी दवाखान्यात छातीची तपासणी करायलाही आली, ज्या तपासणीला ती आधी दारातूनच नाही म्हणत होती. पुढची औषधे तिने निवाऱ्यात राहूनच घेतली.

आमच्यापैकी कोणी वाईट नव्हते. जेवण वेळेवर होते, चादरी धुतलेल्या असत. तरीही ती फळी आमच्या मनात आली नसती, कारण त्या गाठोड्याचा धाक आणि आधार आमच्यापैकी कोणाच्या घरात नव्हता.

निवाऱ्यात राहणाऱ्या एका कोलाम आजोबांचे वेगळे होते. दिवाळीच्या तोंडावर ते न सांगता निघून जायचे आणि परत यायचे तेव्हा यादीतून नाव गेलेले असायचे. मग पुन्हा फोटो, पुन्हा अंगठा, पुन्हा तेच प्रश्न. ते जात होते दंडारीला. आपल्या जिल्ह्यात गोंड आणि कोलामांच्या वस्त्यांवर त्या दिवसांत दंडार निघते, ढोलकी घुमते, गावोगावचे लोक एकमेकांकडे पाहुणे जातात. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आजोबांचे घर उरले नव्हते, पण दंडारीतली त्यांची जागा होती. एक बारावी झालेला कोलाम मुलगा काही महिने मानधनावर आमच्याकडे आला. तो संध्याकाळी आजोबांशी कोलामीत बोलत बसे. त्याने व्यवस्थापकाकडे सरळ रजेचा अर्ज लिहून दिला: आजोबा दंडारीला जातील आणि परत येतील. ते परत आले, नावही राहिले. मानधन संपले तसा तो मुलगा गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. याचे मला फार वाईट वाटते.

ही माणसे बेघर कशी झाली, याचे उत्तर एका घराच्या पडण्यात सापडत नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्माचाच शिक्का मारला. तो शिक्का कायद्याने पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. जंगल वाचवायला ते आवश्यकच होते, पण तितर-सशांच्या फाशांवर जगणाऱ्याला दुसरा धंदा कोणी शिकवला नाही. आणि आज घरकुलासाठी जातीचा दाखला काढायला गेले की अनुसूचित जमातीच्या माणसाकडे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. पोलिसांच्या भीतीने ज्याचे आजोबा एका शिवारात चार महिने टिकत नव्हते, तो कुठला कोतवाल बुकाचा उतारा आणणार? कोणत्या मामाच्या, कोणत्या चुलत्याच्या कागदात आपले नाव सापडेल, हे समाजातल्या जाणत्याला ठाऊक असते. अनेक अर्ज अशाच माणसामुळे पुढे सरकतात.

कॅनडात हा विचार आपल्या आधी झाला. व्हॅंकूव्हर परिसरात मूळनिवासी लोक लोकसंख्येत दोन-तीन टक्के, पण बेघरांच्या मोजणीत सुमारे एक तृतीयांश निघतात. जेसी थिसल हे मेती या मूळनिवासी समाजाचे अभ्यासक स्वतः रस्त्यावर राहिलेले. 2017 मध्ये त्यांनी मांडले की मूळनिवासी माणसाचे बेघरपण डोक्यावर छप्पर नसण्यापुरते नाही. जमीन, पाणी, गोत, भाषा, पूर्वज यांच्यापासून तुटणे हेही बेघर होणेच आहे. म्हणून तिथल्या काही आधारगृहांत समाजातील वडीलधारी माणसे आणि सांस्कृतिक सोबती नेमलेले असतात.

आपल्याकडे असे काही नाहीच, असेही नाही. बाभुळगावाहून फार लांब नाही ते मंगरूळ चव्हाळा. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या या गावात मतीन भोसले यांनी 2012 मध्ये भीक मागणाऱ्या पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा सुरू केली. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडून आलेले. समृद्धी महामार्गात शाळेचे काही बांधकाम गेले, तरी शाळा उभी राहिली. आई-बाप मुलांना तिथे ठेवतात, कारण ठेवून घेणारा आपला आहे. यवतमाळात नंददीप फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणते, उपचार करते, घरी पोचवते. हे काम करणाऱ्यांना विचारा, माणूस घरी का थांबतो आणि का पुन्हा रस्त्यावर येतो. घराच्या विटांबद्दल कोणी बोलणार नाही.

विटांसाठी पैसे आहेत. शबरी घरकुल योजना आहे. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये कोलाम कुटुंबाला घरासाठी मजुरी आणि शौचालय धरून 2 लाख 39 हजारांपर्यंत मिळतात. पण कोलामांच्या पोडावर मधोमध चावडी असते, घरे तिच्याभोवती. रस्त्याकडेला एका रांगेत घरकुले बांधून द्यायची आणि मग लोक राहत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावायचा, हा अन्याय आहे.

“नियम सर्वांना सारखा हवा, एकाला फळी दिली की दहा जण मागतील,” असे मला सांगितले गेले. मागू देत. कोणाला नमाजाची चटई लागेल, कोणाला बाबासाहेबांचा फोटो. पन्नास चौरस फुटांत ते मावते.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. काही बाया जातपंचायतीच्या जाचातूनच पळून येतात. त्यांच्यापुढे त्याच पंचायतीचा माणूस आणून बसवला, तर निवारा पिंजरा होईल. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा 2016 चा कायदा आपल्या राज्यात आहे, तो निवाऱ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. नेमणूक करताना शक्य तिथे बाईच नेमा, आणि आलेल्या माणसाला आधी विचारा, तुझ्या समाजाचे कोणी इथे असलेले तुला चालेल का. तो नाही म्हणाला तर नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नगर परिषदा, नगर पंचायती आणि पांढरकवडा व पुसदची आदिवासी प्रकल्प कार्यालये यांना माझी विनंती आहे. येत्या थंडीआधी एकत्र बसा आणि प्रत्येक निवाऱ्यासाठी अशा एका पदाचा पगार ठरवा. मानधन नको, तो कोलाम मुलगा मानधनामुळेच टिकला नाही. तालुक्याच्या गावी निवारा बांधणे जमत नसेल, तर बसस्थानकाजवळ थंडीचे चार महिने दोन खोल्या भाड्याने घ्या. आणि बाभुळगावच्या वाचकांनो, बसस्थानकावर गाठोडे उशाशी घेऊन कोणी निजलेले दिसले तर हुसकावू नका. नगर पंचायतीला कळवा, आणि जवळच्या बेड्यावर किंवा पोडावर निरोप धाडा.