परीस की पेरणी? चंद्रकांत पंडित यांच्या भटकंतीचा अर्थ

परभणी जिल्ह्यातील एखाद्या मुलाने रणजी करंडक खेळायचे मनावर घेतले, तर त्याचा संघ कोणता? उत्तर सोपे वाटते: महाराष्ट्र. परंतु क्रिकेटमधला ‘महाराष्ट्र’ म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे. राज्यात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबईचा एक, विदर्भाचा एक आणि उरलेल्या भूभागाचा, पुण्याहून कारभार चालणारा, महाराष्ट्र. परभणी या उरलेल्यांत येते. जिल्ह्याच्या उत्तरेला बुलढाणा लागतो. तिथल्या मुलाचे दैवत मात्र नागपूर. शिवाराला शिवार लागून असले तरी एकाचा रस्ता गहुंजेच्या मैदानाकडे जातो, दुसऱ्याचा जामठ्याच्या.

या रेषा आल्या कुठून? क्रिकेटचा नकाशा राजकीय नकाशाच्या बराच मागे रेंगाळत असतो. १९३७-३८ साली हैदराबादने रणजी करंडक जिंकला तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. नागपूरची कथा याहून गमतीची. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ या नावाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. आणि इंदूर? तिथे होळकरांचा स्वतंत्र संघ होता. हा जुना नकाशा डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे चंद्रकांत पंडित नावाच्या प्रवाशाची वाट नीट दिसते. मुंबई, नागपूर आणि इंदूर या तीन मराठी वळणाच्या शहरांत त्याने मिळून सहा रणजी करंडक जिंकून दिले.

प्रवासी खेळाडू ही आजच्या लिलावांची देणगी आहे, असा एक गैरसमज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नागपुरात १८९५ साली जन्मलेले सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले आणि तिथल्या संघाचे कर्णधार झाले. पुढे साठी ओलांडल्यावर उत्तर प्रदेशाकडूनही खेळले. १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, होळकर, रेल्वे अशा किती संघांत वावरले! १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर होळकरांकडून इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन खेळले. महायुद्धामुळे ते भारतात होते. त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. तरीही मुंबईने तो सामना जिंकला. होळकरांचा संघ मोजून चौदा हंगाम रणजी खेळला, दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा करंडक घेऊन गेला. संस्थान गेले, आश्रय गेला, संघही गेला. १९५२-५३ नंतर इंदूरकडे करंडक फिरकला नाही.

आता पंडित. जन्म १९६१, मुंबई. रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडलेला यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे कसोटी पदार्पण. एकूण कसोट्या पाच, एकदिवसीय सामने छत्तीस. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले म्हणून पंडित खेळले आणि त्यांनी २४ धावा केल्या. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक समोर असताना दुसऱ्याने जे करायचे असते ते त्यांनी केले: वाट पाहिली. राष्ट्रीय संघातली त्यांची कारकीर्द १९९२ मध्ये संपली. विक्रमांच्या पुस्तकात तिला अर्धे पान पुरते.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर, मध्य प्रदेशात. १९९८-९९ च्या हंगामात पंडित यांच्या नेतृत्वाखाली हा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला. बेंगळुरूचे चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. रणजीच्या अंतिम सामन्यात या आघाडीचे मोल निराळे असते: सामना अनिर्णित राहिला तर करंडक आघाडी घेणाऱ्याचा. म्हणजे शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशाला जिंकण्याची गरजच नव्हती, नुसते टिकायचे होते. २४७ धावांचे लक्ष्य समोर होते. विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला. ९६ धावांनी हार. मुंबईच्या शाळेत वाढलेल्या माणसाला हरण्यापेक्षा असे हरणे अधिक बोचते, कारण मुंबईचा ‘खडूस’पणा म्हणजे दुसरे काय? हातची विकेट फुकट न देणे, एवढेच.

त्यानंतर त्यांनी प्रशिक्षकाची वाट धरली. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक मिळाले. २०१६-१७ मध्ये मुंबई इंदूरच्या अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि त्यांचे मुंबईतील पर्व आटोपले. हे तीन विजय मोठे खरे, पण मुंबईला जिंकवणे म्हणजे पंढरपुरात वारकरी जमवणे. कसोटी पुढे होती.

२०१७ साली ते विदर्भाकडे गेले. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी न पाहिलेला हा संघ. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानी यांनी दुसऱ्या डावात सात बळी घेतले. मग इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामना, समोर दिल्ली. गुरबानी यांची हॅटट्रिक, अक्षय वाडकर यांच्या १३३ धावा आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय. नागपूरचे नायडू ज्या शहरात जाऊन विजेते झाले, त्याच शहरात, होळकरांचेच नाव असलेल्या मैदानावर, नागपूरचा संघ पहिल्यांदा विजेता झाला. इतिहासाला असे योगायोग आवडतात. त्यातून अर्थ मात्र ओढून काढू नये. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटे यांनी सामन्यात अकरा बळी घेतले, त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे परतले. २०२२ चा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर झाला. समोर मुंबई, म्हणजे पंडित यांचे माहेर. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, तेही आचरेकरांच्याच शाळेचे. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे मध्य प्रदेशाचे दोन मोठे खेळाडू भारतीय संघासोबत होते. सर्फराज खान यांच्या १३४ धावांच्या बळावर मुंबईने ३७४ केल्या. उत्तरादाखल यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२, संघाच्या ५३६. तेवीस वर्षांपूर्वीसारखीच आघाडी हाती आली. या वेळी ती सुटली नाही. २६ जून रोजी मध्य प्रदेशाने सहा गडी राखून सामना जिंकला आणि साठी गाठलेले पंडित मैदानावर रडले. याच मैदानावर राहून गेलेले काहीतरी परत मिळाले, अशा आशयाचे ते त्या दिवशी बोलले. इंदूरकडे करंडक एकोणसत्तर वर्षांनी परतला.

इथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि सांगताना एक शब्द हमखास येतो: परीस. पंडितांनी हात लावला की लोखंडाचे सोने होते. हा शब्द सोयीचा आहे, म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहावे.

पहिली अडचण अशी, की परीस निवड करत नाही. पंडित यांनी महाराष्ट्र, केरळ आणि राजस्थान या संघटनांकडेही काम केले. तिथे त्यांच्या काळात रणजी करंडक आला नाही. कोलकाता नाइट रायडर्सचे ते २०२२ पासून प्रशिक्षक होते. २०२३ मध्ये संघ सातवा, २०२४ मध्ये विजेता, २०२५ मध्ये आठवा. मग त्यांनी पद सोडले. आणि विजयाच्या वर्षी श्रेयाची मोठी वाटणी मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्याकडे गेली. त्यांच्या शिस्तीबद्दल डेव्हिड वीसे या परदेशी खेळाडूने उघड नापसंती दाखवली. लष्करी थाट, असे त्याचे म्हणणे. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विशीतल्या मुलांना जो धाक आधार वाटतो, तो जगभर खेळून आलेल्या तिशीतल्या व्यावसायिकाला जाच वाटतो. माणूस तोच, हात तोच, परिणाम वेगळा.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. विदर्भात पंडित येण्याआधी काही वर्षे काम सुरू झाले होते. नागपुरात निवासी अकादमी उभी राहिली, वयोगटांच्या संघांकडे लक्ष गेले, माजी कसोटीपटू नसलेल्या पण खेळ जाणणाऱ्या प्रशांत वैद्य यांच्यासारख्यांनी त्यात वर्षे घातली. वसीम जाफर आणि गणेश सतीश यांच्यासारखे बाहेरचे अनुभवी फलंदाज आले आणि त्यांच्या शेजारी गावातली मुले शिकली. पंडित आले ते उभ्या पिकात. याचा पुरावा त्यांच्या जाण्यानंतर मिळाला. २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक उस्मान घनी होते. हर्ष दुबे यांनी त्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला. आणि केरळकडून खेळत होते आदित्य सरवटे! परीस निघून गेला तरी सोने सोनेच राहिले, याचा अर्थ ते परिसाचे नव्हते.

पंडितांना उणे लेखण्याचा यात हेतू नाही. उभे पीक वेळेवर कापणारा हात मिळाला नाही तर ते शेतातच झडते, हे परभणीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. १९९९ मधला मध्य प्रदेश हे असेच झडलेले पीक होते. पंडितांचे खरे कर्तृत्व या कापणीत आहे: पाच धावांचा उपांत्य सामना सुटू न देणे, मिळालेली आघाडी पाचव्या दिवसापर्यंत मुठीत धरणे. पण कापणीच्या कौशल्यावर मोहून पेरणी विसरणारी संघटना प्रशिक्षक बदलत राहते आणि करंडकाची वाट पाहत राहते. महाराष्ट्राने आपले दोन करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली जिंकले. त्यानंतर अंतिम फेऱ्या आल्या, अगदी २०१३-१४ मध्येही, करंडक नाही. पंडितही याच संघटनेकडे येऊन गेले, ही गोष्ट इथे पुन्हा आठवावी.

म्हणून प्रश्न पुन्हा परभणीचाच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या या जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे. इथल्या ‘परभणी क्रांती’ भेंडीचे नाव राज्याबाहेरचा शेतकरीही घेतो. बियाणे तयार करायला किती हंगाम लागतात, हे इथे ठाऊक आहे. शेजारच्या बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर यांचा दाखला बोलका आहे. ते वरिष्ठ पातळीवर महाराष्ट्राकडून नव्हे, रेल्वेकडून पुढे आले. २००२ साली लीड्सवर, पंडितांनी पदार्पण केले त्याच मैदानावर, सलामीला येऊन त्यांनी ६८ धावा केल्या आणि भारताने ती कसोटी डावाने जिंकली. पुढे पाच वर्षे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते. मराठवाड्यात बी नव्हते असे म्हणता येत नाही; ते दुसऱ्याच्या वावरात उगवले.

पुण्यातील संघटनेला उद्या एखादा नामवंत प्रशिक्षक मिळेलही. त्याच्या नेमणुकीची बातमी होईल, छायाचित्रे येतील. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड इथल्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र त्याआधी तीन गोष्टी लागतील: चटईऐवजी मातीची खेळपट्टी, आठवड्यातून चार दिवस हजर राहणारा एक साधा प्रशिक्षक आणि निवड चाचणीसाठी रात्रभर प्रवास करून सकाळी फलंदाजीला उभे राहावे लागणार नाही, इतक्या अंतरावर एक केंद्र.