नक्कल उघडून पाहिली होती का?

आमच्या परिचयाचे एक घाऊक कापड व्यापारी आहेत. दुकान वडिलांच्या काळापासूनचे, गिऱ्हाईक आसपासच्या पाच-सहा तालुक्यांतले आणि निम्म्याहून अधिक धंदा उधारीवर. कीर्द-खतावणीच्या लाल वह्या बंद होऊन सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आला त्यालाही बरीच वर्षे झाली. हिशेब लिहिणारा मुलगा प्रामाणिक. रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी पेन ड्राइव्ह लावून तो दिवसाच्या हिशेबाची नक्कल घेई आणि पेन ड्राइव्ह शेठजींच्या गल्ल्यात ठेवी. चार वर्षांत त्याने यात एकदाही खंड पडू दिला नाही.

एके दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. हार्ड डिस्क कामातून गेली होती. शेठजी निर्धास्त होते, कारण नक्कल गल्ल्यात होती. दुरुस्ती करणाऱ्याने पेन ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला, तर आत जेमतेम दोन केबीची एक फाईल. पडद्यावर टॅलीचे जे चिन्ह दिसते, तेवढेच तो मुलगा चार वर्षे उचलून नेत होता. ते चिन्ह म्हणजे हिशेब नव्हे. हिशेब कुठे ठेवला आहे, एवढेच ते कॉम्प्युटरला सांगते. मुलगा रोज दुकानाची पाटी काढून घरी नेत होता आणि माल दुकानातच राहत होता, असे म्हणा ना!

येणे किती आणि कोणाकडे, हे पावतीपुस्तके, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या आणि बँकेचा उतारा समोर ठेवून पुन्हा जुळवावे लागले. पुष्कळ गिऱ्हाइकांनी आपणहून आपली बाकी सांगितली, हे खरे. पण काहींना आपली बाकी आठवलीच नाही.

सगळा दोष त्या मुलाचा, असे म्हणायला आम्ही तयार नाही. त्याला ते काम कोणी शिकवले होते? आणि चार वर्षांत शेठजींनी एकदा तरी ‘ती नक्कल उघडून दाखव’ असे म्हटले होते का? देणे-घेणे लिहून ठेवावे ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही. लिहिलेले शाबूत आहे की नाही हे पाहण्यात मात्र आपण कमी पडतो.

यात केवळ लहान दुकानदारच फसतात असे कोणी समजू नये. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामर मंडळींचे काम आपल्याकडे सांभाळून ठेवते. कॉम्प्युटर हाच तिचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री उशिरा तिचा एक इंजिनिअर थकल्या अवस्थेत बिघाड दुरुस्त करीत होता. दोन सर्व्हरपैकी दुसऱ्यावरची माहिती पुसायची होती. त्याने पुसली ती पहिल्यावरची, म्हणजे चालू धंद्याची. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला. पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक राहिले होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. या कंपनीकडे नक्कल ठेवण्याची एक नव्हे, अनेक साधने होती. रोजची नक्कल दुसऱ्या ठिकाणी पाठवली जात असे. तिथे पाहिले तर कोठार रिकामे. नक्कल काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि मूळ माहिती नव्या आवृत्तीत, त्यामुळे काम रोज अर्ध्यावर बंद पडत होते. बंद पडल्याची सूचना ई-मेलने निघत होती, पण ती ई-मेल नाकारली जात होती, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. दुसरी एक सोय या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने एक नक्कल काढली होती, ती उपयोगी पडली. मधल्या सहा तासांचे मात्र गेलेच. कंपनीने सारा प्रकार जगासमोर लिहून ठेवला आणि एका माणसावर खापर न फोडता पद्धतीतला दोष मान्य केला. आपल्याकडे असा कबुलीजबाब कोणी देईल का, हा प्रश्नच आहे.

दुसरे उदाहरण जहाजाने माल पाठवणाऱ्यांना जवळचे वाटेल. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर काही तासांत निकामी केले. न्हावा शेवा बंदरात या समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनलही त्यात सापडले आणि कंटेनर रखडले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या कॉम्प्युटरमध्ये प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे या कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल. त्यामुळे वेगळी नक्कल कशाला, असा विचार झाला असावा. व्हायरस आला आणि सगळे एकदम गेले. फक्त एक वाचला. तो होता आफ्रिकेतल्या घाना देशात. व्हायरस पसरला त्या वेळी तिथे वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता! घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून त्याने हार्ड डिस्क नायजेरियाला नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती इंग्लंडला पोहोचवली. त्या एका डिस्कवरून एवढ्या मोठ्या कंपनीची घडी पुन्हा बसवली गेली. वीज गेली म्हणून मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांनी आजवर किती बोटे मोडली असतील! इथे मात्र वीज गेल्याने भले झाले.

आमच्या मते या गोष्टींतून दोन कामे निघतात आणि ती कोणत्याही दुकानाला परवडणारी आहेत. पहिले म्हणजे नक्कल कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको. हल्ली खंडणी मागणारे व्हायरस येतात, ते कॉम्प्युटरला लावलेली डिस्कही कुलूपबंद करतात. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, आलटून पालटून वापराव्यात, काम झाले की काढून घ्याव्यात आणि त्यांतली एक घरी न्यावी. दुकानाला आग लागली, पुराचे पाणी शिरले, तर गल्ल्यातला पेन ड्राइव्हही मालाबरोबरच जाणार. ‘आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर आहे’ असे सांगणारे भेटतात. ठीक आहे, पण कॉम्प्युटरशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरमधली फाईल इथे पुसली की तिथेही पुसली जाते. कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. मर्स्कच्या दीडशे सर्व्हरचे दुखणे तेच होते.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आणि तेच कोणी करीत नाही. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायची. टॅलीत ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की बॅकअप आणि रिस्टोअर असे दोन्ही पर्याय समोर येतात. आमच्या मंडळींना पहिला ठाऊक असतो, दुसरा दाबलेला नसतो. मात्र रिस्टोअर करताना रिकामा नवा फोल्डर निवडावा. चालू हिशेबाच्या फोल्डरवर जुनी नक्कल उतरवली तर चालू हिशेबच पुसला जाईल. उघडल्यावर शेवटच्या बिलाचा नंबर आणि दोन-तीन मोठ्या पार्ट्यांची बाकी चालू हिशेबाशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

सरकारलाही याचे महत्त्व कळले आहे. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे कॉम्प्युटरवरच्या हिशेबाची अशी नक्कल ठेवणे बंधनकारक आहे की अपघात झाला तरी वाजवी मुदतीत हिशेब पुन्हा उभा करता यावा. हा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचा आहे. ज्यांची कंपनी नोंदलेली आहे त्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून भारतातल्या सर्व्हरवर रोजची नक्कल ठेवावी लागते. पण आम्हाला विचाराल तर नोटिशीच्या भीतीपेक्षा आपली उधारी अडकलेली आहे, हे कारण पुरेसे आहे.

कॉम्प्युटरचे काम करणाऱ्या आमच्या तरुणांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केलेली मुले आज दुकानांतून, ऑफिसांतून देखभालीचे काम करतात. ‘बॅकअप लावून दिला आहे’ असे सांगून त्यांनी सुटका करून घेऊ नये. मालकासमोर नक्कल उघडावी, कालचे बिल दाखवावे आणि तारीख घालून मालकाची सही घ्यावी. उद्या वाद झाला तर ती सही त्यांच्याच उपयोगी पडेल. मालकांनीही या अर्ध्या तासाची वेगळी मजुरी द्यावी. शिंप्याने कापड फुकट शिवावे अशी आपण अपेक्षा करीत नाही, मग कॉम्प्युटरवाल्या मुलाने ‘जाता जाता जरा बघून जा’ एवढ्यावरच काम करावे, हे कुठले? फुकटचे काम घाईत उरकले जाते आणि त्याची किंमत पुढे मालकालाच मोजावी लागते.

पासवर्डचेही सांगितले पाहिजे. टॅलीत व्हॉल्टचा पासवर्ड लावून हिशेब बंद केला असेल आणि तो विसरला, तर कंपनीसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही. मुनीम सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, तर नक्कल असून नसल्यासारखी. तो कागदावर लिहून, पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवावा आणि घरातल्या एकाला तरी त्याची माहिती असावी.

ते कापड व्यापारी आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दुकान बंद असते तेव्हा, आपल्या धाकट्या मुलाकडून घरच्या लॅपटॉपवर नक्कल उघडून घेतात. पहिल्याच खेपेला हिशेब उघडला खरा, पण शेवटचे बिल सहा आठवड्यांपूर्वीचे निघाले. मधल्या काळात हिशेबाचा फोल्डर बदलला होता आणि नक्कल जुन्याच फोल्डरची निघत होती. बापलेक तसेच उठून दुकानात गेले आणि दुपारच्या आत ती चूक दुरुस्त करून आले.