अपेंडिक्स काढलं, पण रिपोर्ट आणलात का?

मैत्रिणींनो, घरात कुणाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, की आपली सगळी धावपळ मऊ भात, टाके काढायची तारीख आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा यांतच जाते. काढलेला भाग तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आठवड्याने मिळणार होता, हे टाके निघाले की कुणाच्या लक्षात राहत नाही. बारामती असो की इंदापूर, तो कागद दवाखान्यातच पडून राहतो. आज त्या कागदाबद्दलच थोडं सांगते.

क्वचित त्यात ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे शब्द असतात. वाचताच छातीत धस्स होतं. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं आणि २९ एप्रिल २०२० रोजी ते मुंबईत गेले. पुष्कळांनी हे नाव तेव्हाच प्रथम ऐकलं. पण बरं का, नाव एक असलं तरी आजार सगळ्यांचा सारखा नसतो.

आपल्या जठरात, आतड्यांत, स्वादुपिंडात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांची ही गाठ. १९०७ साली ओबर्नडॉर्फर या जर्मन डॉक्टरांनी तिला ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असं नाव दिलं. तुमच्या रिपोर्टात हा जुना शब्दही दिसू शकतो.

रिपोर्टात तीन गोष्टी पाहा.

पहिली, गाठ कुठे आणि केवढी. अपेंडिक्सच्या टोकाची, एक सेंटिमीटरहून लहान गाठ पूर्ण निघाली असेल, तर बहुधा पुढे काही करावं लागत नाही. दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो.

दुसरी, पेशी कशा दिसतात. मूळ पेशींसारख्या दिसत असतील तर वाढ सहसा सावकाश असते. रूप पार बिघडलं असेल तर तो वेगाने पसरणारा कर्करोग समजतात.

तिसरी, ‘केआय-६७’ हा आकडा. शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्या आहेत, ते तो सांगतो. ३ पेक्षा कमी ही पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. पहिली श्रेणी म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. लहान आतड्यातली सावकाश वाढणारी गाठही यकृतापर्यंत जाऊ शकते. गाठ निघाली आणि हा आकडा रिपोर्टात नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात संकोच कसला?

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक. अंगातून वाफा निघणं हे बहुतेक वेळा पाळी जाण्याच्या काळातलंच असतं. पण चेहरा एकाएकी लालबुंद होतो, सोबत आठवडेच्या आठवडे पातळ जुलाब होतात, छातीत घरघरतं, असं असेल तर ‘वयाचंच आहे’ म्हणून अंगावर काढू नका. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. पहिल्या सल्ल्यासाठी पुणं गाठायला नको.

अशा वेळी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगतात. इंदापूरकडे तर केळीच्या बागाच बागा! पण तपासणीआधी तीन दिवस आणि लघवी जमवून होईपर्यंत केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड बंद ठेवा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. ‘क्रोमोग्रॅनिन’ ही रक्ततपासणी असेल, तर ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळ्यांनीही आकडा वाढतो. मात्र स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.

पुढच्या उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. प्रयोगशाळेतून तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासून पाहतात.

तेव्हा घरातल्या कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर रिपोर्ट आणलाय का, ते आजच पाहा. नसेल तर उद्या कुणाला तरी पाठवून आणवा, आणि रेशनकार्ड ठेवता तिथेच जपून ठेवा.