कर्सरला पत्ता सांगा!

व्हिम शिकायला बसलेल्या ज्युनियरला पहिल्याच दिवशी दीक्षा मिळते: बाणांच्या कीजना हात लावायचा नाही. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. मग तो बिचारा चाळीस ओळी खाली जायला चाळीस वेळा जे दाबतो आणि स्वतःला प्रो समजायला लागतो.

मला विचाराल तर हे निव्वळ कर्मकांड आहे.

या चार अक्षरांमागे काही थोर तत्त्वज्ञान वगैरे नाही. १९७६ मध्ये बर्कलीत बिल जॉयने व्हीआय लिहिला तेव्हा तो एडीएम-३ए नावाचं टर्मिनल वापरायचा. त्यावर बाणांच्या वेगळ्या कीज नव्हत्याच, बाण छापलेले होते ते याच अक्षरांवर. झालं! पुढे १९९१ मध्ये ब्राम मोलेनारचा व्हिम आला, त्यातही तेच राहिलं. एका मशीनची सोय होती, आपण तिचं सोवळं केलं.

खरी गंमत पुढेच आहे. रिक्षात बसल्यावर आपण "थोडं पुढे, अजून थोडं, आता डावीकडे" करत बसतो का? "शनिपाराला सोडा" म्हणतो आणि मोकळे होतो. कर्सरलाही तसाच पत्ता सांगायचा असतो. कंपायलर म्हणतो २१४ व्या ओळीत गडबड आहे? २१४ टाइप करा, मग कॅपिटल जी. फंक्शनचं नाव आठवतंय? स्लॅश, पहिली चार अक्षरं, एंटर. याच ओळीतला पुढचा स्वल्पविराम हवाय? एफ आणि स्वल्पविराम. कंसाची जोडी शोधायचीय? टक्क्याची की. कर्सरखालचाच शब्द पुढे कुठे आलाय ते बघायचंय? स्टार. आणि भटकून झालं की कंट्रोल-ओ, म्हणजे परतीचं तिकीट :)

आता यात क्रियापद जोडा. डी म्हणजे पुसा, सी म्हणजे पुसून नवीन लिहा. डी, टी, स्वल्पविराम: इथपासून स्वल्पविरामाच्या अलीकडेपर्यंत सगळं साफ. म्हणजे जो पत्ता फक्त जाण्यासाठी शिकलात, तोच कापायला, बदलायला आणि कॉपी करायलाही चालतो. दहा पत्ते आणि तीन क्रियापदं आली की तीस कामं फुकटात पदरात पडतात. पाठांतर नाही, व्याकरण आहे हे.

यावर नेहमीचा प्रश्न: "पण माउसने दोन सेकंदात होतं की! एवढं वाचवून करणार काय?" मान्य. त्या दोन सेकंदांसाठी कोणी व्हिम शिकू नये. आपण टायपिस्ट नाही. मुद्दा डोक्याचा आहे. बग शोधताना पाच व्हेरिएबल्स आणि तीन फाइल्स डोक्यात धरून ठेवलेल्या असतात. तेवढ्यात हात माउसकडे, नजर कर्सर शोधायला, स्क्रोल, अरे पुढे गेलो, परत मागे... आणि मी नेमकं काय बघत होतो? ती सांडलेली साखळी परत गोळा करायला पाच मिनिटं जातात.

आणि रात्री दोन वाजता रडतखडत चालणाऱ्या व्हीपीएनवरून क्लायंटच्या सर्व्हरवर शिरल्यावर तर पर्यायच नसतो. तिथे ना माउस, ना तुमचा लाडका आयडीई. असतो तो बहुतेक वेळा व्हीआयच. स्क्रीन मागे पडते, जे दाबून ठेवला तर कर्सर हव्या त्या ओळीच्या कुठच्या कुठे पुढे निघून जातो. पत्ता सांगणारा मात्र एका उडीत पोचतो.

हल्ली कोड लिहून द्यायला एआय आहे, मग हे कशाला? उलट आता जास्तच हवं. लिहिणं कमी झालं, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं, तपासणं आणि त्यात फिरणं वाढलंय. आणि यासाठी व्हिमच हवा असंही नाही, व्हीएस कोडमध्येही व्हिमचं प्लगिन मिळतं.

तेव्हा बाण दाबायचे तर बिनधास्त दाबा. फक्त एक की चौथ्यांदा दाबताना थांबा आणि स्वतःला विचारा: मला जायचंय कुठे?